मौन म्हणजे संमती? : अमेरिकेतील कृष्णवर्णीय नोकरदारांचा इतिहास



इतिहास बहुधा बोललेल्यांचा लिहिला जातो. भाषणं, अर्ज, खटले, वर्तमानपत्रं, पत्रव्यवहार ही आमच्यासारख्यांची साधनं, आणि ही सगळी बोललेल्यांनी मागे ठेवलेली असतात. आज मात्र आम्ही न बोललेल्यांविषयी बोलायचं ठरवलं आहे. एखादं कार्यालय डोळ्यांपुढे आणा. तिथे अल्पसंख्य समाजातला एक माणूस नोकरीला आहे. त्याच्यावर, किंवा त्याच्या समाजावर, उघड अन्याय होतो आहे. तो बघतो, त्याला कळतं, आणि तो गप्प बसतो. संध्याकाळी डबा पिशवीत टाकून घरी जातो, दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर. हे मौन काय म्हणायचं?

आपल्याकडे याचं उत्तर तयार आहे. मौनं संमतिलक्षणम्. गप्प बसला, म्हणजे त्याला मान्य आहे. आपल्या संस्थांच्या बैठकांची इतिवृत्तं काढून बघा. दोघे बोललेले असतात, वीस जण पंख्याकडे बघत बसलेले असतात आणि खाली लिहिलेलं असतं, 'सर्वानुमते मंजूर'. आमची चाळीस वर्षं अशा बैठकांत गेली, त्यामुळे या शब्दाचं वजन आम्हाला चांगलं ठाऊक आहे.

दुसरं उत्तरही तयार असतं, आणि ते जास्त बोचरं आहे. गप्प बसला म्हणजे भित्रा. आज आम्हाला ही दोन्ही उत्तरं तपासायची आहेत, आणि त्यासाठी अमेरिकेत जायचं आहे. तिथल्या कृष्णवर्णीय नोकरदारांचा विसाव्या शतकातला इतिहास या प्रश्नावर जितका उजेड टाकतो, तितका क्वचितच दुसरा टाकत असेल. वॉशिंग्टनची सरकारी कार्यालयं, रेल्वेचे डबे आणि दक्षिणेतल्या शाळा अशा तीन ठिकाणी आपण जाऊ. शेवटी थोडा वेळ मुंबईत थांबू. मुंबई का, ते तिथे पोचल्यावर सांगतो.

निघण्यापूर्वी तत्त्वज्ञानातली एक गोष्ट बरोबर घेऊ. डेव्हिड ह्यूम हा अठराव्या शतकातला स्कॉटिश तत्त्वज्ञ. त्याच्या आधी जॉन लॉकने असं मांडलं होतं की, माणूस एखाद्या राज्यात राहतो, तिथले रस्ते वापरतो, म्हणजे त्या राज्याला त्याची मूक संमती आहे. ह्यूमने 1748 साली याची चांगलीच उलटतपासणी केली. तो म्हणतो, समजा एका माणसाला झोपेत उचलून जहाजावर टाकलं. जाग येते तो भोवती समुद्र. आता तो जहाजावर थांबला आहे, म्हणजे कप्तानाची सत्ता त्याने मान्य केली असं म्हणाल का? उतरायचं म्हटलं तर बुडून मरायचं! जिथे 'नाही' म्हणण्याची सोय नाही, तिथे 'हो'ला अर्थ उरत नाही. हे जहाज लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

वॉशिंग्टन, 1913

अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 मध्ये संपलं, गुलामी गेली. पण शिकलेल्या कृष्णवर्णीय माणसाने काम कुठे करायचं? खासगी कचेऱ्यांचे दरवाजे त्याला जवळपास बंद होते, झाडलोटीचं किंवा ओझ्याचं काम सोडलं तर. अशा वेळी एक दरवाजा किलकिला झाला. 1883 च्या पेंडल्टन कायद्याने केंद्र सरकारच्या बऱ्याच नोकऱ्यांसाठी परीक्षा आली. परीक्षा द्या, उत्तीर्ण व्हा, कारकून व्हा. वॉशिंग्टनच्या अर्थखात्यात, टपालखात्यात कृष्णवर्णीय कारकून दिसू लागले, काही जण अधिकारपदापर्यंत गेले. आपल्याकडे पहिल्या पिढीत सरकारी नोकरी लागलेल्या माणसाचं घर आठवा. त्या एका पगारावर घराचे हप्ते, मुलांच्या फिया, गावाकडे पाठवायचे पैसे आणि समाजातली मानाची खुर्ची, एवढं सगळं उभं असतं. वॉशिंग्टनमध्येही तेच होतं.

मार्च 1913 मध्ये वुड्रो विल्सन अध्यक्ष झाले. यादवी युद्धानंतर निवडून आलेले, दक्षिणेत जन्मलेले हे पहिले अध्यक्ष. आणि बरं का, हे आमच्याच बिरादरीतले. राज्यशास्त्राचे प्राध्यापक, डॉक्टरेट मिळवलेले, प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष. एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाच्या बैठकीत टपालमंत्री आल्बर्ट बर्लसन यांनी रेल्वे-टपालाचा विषय काढला. धावत्या गाडीच्या डब्यात गोरे आणि काळे कारकून शेजारी शेजारी पत्रं निवडतात, हे त्यांना खुपत होतं. विल्सन यांनी अडवलं नाही. नवा कायदा वगैरे काही झाला नाही. ज्या त्या खात्यात हळूहळू सुरू झालं. जेवायची टेबलं वेगळी. स्वच्छतागृहं वेगळी. एकाच दालनात पडदे उभे राहिले. विद्वान संपादक डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी त्या सप्टेंबरमध्ये 'द क्रायसिस' मासिकात अध्यक्षांना उद्देशून खुलं पत्र लिहिलं. त्यात एका कारकुनाची हकीकत आहे. त्याचं कामच असं होतं की त्याला दुसऱ्या खोलीत हलवता येईना. म्हणून त्याच्याभोवती पिंजरा उभा केला. ज्यांच्याबरोबर त्याने वर्षानुवर्षं काम केलं होतं, त्यांच्यापासून त्याला वेगळं करण्यासाठी!

आता त्या पिंजऱ्यातल्या माणसाचा विचार करा. तक्रार करायची ती कोणाकडे? ज्याने पिंजरा लावला त्याच्याकडे. बढती कोणाच्या हातात? त्याच्याच. कामाचा शेरा कोण लिहिणार? तोच. आपल्याकडे ज्यांनी 'सीआर' खराब होण्याची धास्ती अनुभवली आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. आणि ही नोकरी गेली तर दुसरी कुठे? बाहेर समुद्र.

आता पुढचं बघा. ऑस्वल्ड गॅरिसन व्हिलार्ड नावाचे एक गोरे सुधारक संपादक होते. त्यांनी विल्सन यांना याचा जाब विचारला. 23 जुलै 1913 च्या पत्रात विल्सन यांनी उत्तर दिलं. त्याचा आशय असा की, हे कृष्णवर्णीयांच्या हितासाठीही आहे, आणि आम्हाला माहीत असलेल्या काही वजनदार कृष्णवर्णीयांची याला मान्यता आहे. म्हणजे मौनं संमतिलक्षणम् हे इथे राज्यकारभाराचं हत्यार झालं. आधी बोलणं अशक्य करायचं, आणि मग जे ऐकू येत नाही त्याला मान्यता म्हणायचं.

यापुढची पायरी 1914 ची. केंद्रीय नोकरीच्या अर्जाला छायाचित्र जोडणं सक्तीचं झालं. गुणवत्ता यादीतल्या पहिल्या तिघांपैकी कोणालाही निवडायची मुभा वरिष्ठाला होतीच, आता चेहरा बघून निवडता येऊ लागलं. ही छायाचित्राची अट 1940 पर्यंत टिकली.

त्याच वर्षी 12 नोव्हेंबरला एक माणूस मात्र बोलला, तेही थेट अध्यक्षांसमोर. विल्यम मन्रो ट्रॉटर. हार्वर्डचे पदवीधर, बॉस्टनच्या 'गार्डियन' या साप्ताहिकाचे संपादक. 1912 च्या निवडणुकीत त्यांनी विल्सन यांचा प्रचार केला होता. शिष्टमंडळ घेऊन ते गेले आणि म्हणाले की, तुम्ही न्यायाचं वचन दिलं होतं, हे काय चाललं आहे? विल्सन यांचं म्हणणं, हा अपमान नाही, संघर्ष टाळण्यासाठी आहे. ट्रॉटर ऐकेनात. पाऊण तास वाद झाला. शेवटी विल्सन म्हणाले की, तुमच्या बोलण्याचा सूर मला अपमानकारक वाटतो, पुन्हा यायचं तर दुसरा प्रवक्ता घेऊन या. दुसऱ्या दिवशी ही बातमी देशभर गाजली.

इथे दोन गोष्टी टिपून ठेवा. पहिली, मुद्द्याला उत्तर मिळालं नाही, आक्षेप आला तो आवाजाच्या पट्टीवर. वॉशिंग्टनच्या प्रत्येक कारकुनाने ती बातमी वाचली असेल तर त्याने काय धडा घेतला असेल? दुसरी, ट्रॉटर सरकारचे नोकर नव्हते. स्वतःच्या वर्तमानपत्रावर जगत होते, आणि त्याच्यासाठी त्यांनी जन्मभर पदरमोड केली. त्यांच्या धैर्याला आमचा नमस्कार आहे. पण 'ट्रॉटर बोलले, मग कारकून का नाही बोलले' असं विचारणं म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसाची जहाजावरच्या माणसाशी तुलना करणं.

रेल्वेच्या डब्यातलं हसू

दुसरं ठिकाण, पुलमन कंपनी. लांबच्या प्रवासात झोपायची सोय असलेले आलिशान डबे ही कंपनी चालवायची. यादवी युद्धानंतर जॉर्ज पुलमन यांनी या डब्यांतल्या सेवेसाठी कृष्णवर्णीय माणसं घेतली, त्यांतले पुष्कळ पूर्वी गुलामीत असलेले. त्यांना पोर्टर म्हणत. सामान उचलायचं, बिछाने घालायचे, रात्री प्रवाशांचे बूट चमकवायचे, आणि त्यासाठी लागणारं पॉलिश स्वतःच्या पैशांनी विकत आणायचं. पगार तुटपुंजा, खरी मिळकत बक्षिसीची. महिन्याला चारशे तास काम. प्रवासी प्रत्येक पोर्टरला 'जॉर्ज' म्हणून हाक मारत. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखायची जुनी रीत होती, तिचंच हे शेपूट. नाव काहीही असो, आईने काहीही ठेवलेलं असो, डब्यात पाऊल ठेवलं की तुम्ही जॉर्ज. आणि हाक मारली की हसायचं.

बक्षिसीवर जगणाऱ्या माणसाला मौन पुरत नाही, त्याला हसावंही लागतं. आजकाल सेवाक्षेत्रात काम करणारी आमच्या नातवंडांच्या वयाची मुलं हे लगेच ओळखतील.

हे सगळं असूनही पोर्टरची नोकरी समाजात मानाची समजली जाई. 1920 च्या दशकात देशातल्या कृष्णवर्णीयांना सर्वांत जास्त खासगी नोकऱ्या देणारी ही कंपनी होती. तिने आपले खबरे ठेवले होते. ते साध्या प्रवाशासारखे गाडीत बसायचे आणि पोर्टर काय बोलतो, काय करतो ते वर कळवायचे. शिवाय कंपनीने स्वतःच कामगारांची एक 'प्रतिनिधी योजना' उभी केली होती. तक्रार तिथे न्यायची, निर्णय अर्थातच कंपनीच्या सोयीचा.

1925 मध्ये काही पोर्टरांनी ठरवलं की स्वतःची युनियन काढायची. त्यांतल्या अ‍ॅशली टॉटन या पोर्टरने नेतृत्वासाठी एका माणसाला गाठलं, ए. फिलिप रँडॉल्फ यांना. हे रँडॉल्फ कधीही पोर्टर नव्हते. 'मेसेंजर' मासिकाचे संपादक होते. आणि पोर्टर नसणं हीच त्यांची पात्रता होती. कंपनी त्यांना कामावरून काढू शकत नव्हती, कारण ते तिच्या कामावर नव्हतेच!

25 ऑगस्ट 1925 ला न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये पहिली सभा झाली. सुमारे पाचशे माणसं आली होती, त्यांत कंपनीचे खबरेही असणार हे उघड होतं. तेव्हा रँडॉल्फ यांनी काय केलं? एकाही पोर्टरला बोलायला लावलं नाही. प्रार्थना, भाषण, ठराव, बहुतेक सगळं त्यांनी स्वतःच उरकलं. खबऱ्याच्या वहीत नाव चढेल असं कोणी उभंच राहिलं नाही. आम्हाला ही सभा फार महत्त्वाची वाटते. बोलकं आंदोलन सुरू झालं ते पाचशे माणसांचं मौन जपून. त्या सभागृहातल्या मौनाचा आणि 'संमती'चा काय संबंध? तिथे गप्प बसलेला प्रत्येक माणूस विरोधात बसला होता.

पुढची बारा वर्षं सोपी गेली नाहीत. कंपनीने माणसं काढली, टॉटनही गेले. काही कामांवर फिलिपिनो कामगार आणून बसवले, म्हणजे एका अल्पसंख्य गटाला दुसऱ्याची भीती घातली. 1928 मध्ये संपाची हाक देऊन मागे घ्यावी लागली, सदस्य झपाट्याने गळाले. या काळात वॉशिंग्टनमध्ये रोझिना टकर नावाच्या एक बाई होत्या, एका पोर्टरच्या पत्नी. त्या घरोघर जाऊन गुपचूप वर्गणी गोळा करायच्या, पत्रकं पोचवायच्या. कंपनीला पत्ता लागला आणि पतीचं काम काढून घेतलं. टकरबाई थेट अधिकाऱ्याच्या खोलीत गेल्या आणि ठणकावून विचारलं, मी काय करते त्याचा माझ्या नवऱ्याच्या नोकरीशी काय संबंध? पतीला काम परत मिळालं. नवरा जे बोलू शकत नव्हता ते त्या बोलल्या, कारण त्यांच्या नावापुढे कंपनीच्या हजेरीपटात काहीच नव्हतं. आम्ही इतिहासात 'नेते' शोधतो आणि अशा बायका तळटिपेत जातात.

1934 च्या दुरुस्तीने रेल्वे-कामगार कायद्यात पोर्टर आले, 1935 मध्ये मतदान होऊन युनियनला मान्यता मिळाली, आणि 25 ऑगस्ट 1937 ला, पहिल्या सभेला बरोबर बारा वर्षं होताना, कंपनीने करार केला. महिन्याचे चारशे तास दोनशे चाळीसवर आले. आणि मग गप्प माणसं किती बोलू लागली बघा. रँडॉल्फ यांनी 1941 मध्ये वॉशिंग्टनवर मोर्चाचा इशारा दिला, तेव्हा अध्यक्ष रूझवेल्ट यांना संरक्षण-उद्योगांतल्या नोकऱ्यांत भेदभाव करायला मनाई करणारा आदेश काढावा लागला. 1955 मध्ये माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांना अटक झाली, तेव्हा जामिनासाठी धावले ते ई. डी. निक्सन, पुलमनचे पोर्टर आणि युनियनच्या स्थानिक शाखेचे प्रमुख. शहरातल्या गोऱ्यांच्या नोकरीवर त्यांचं पोट नव्हतं आणि पाठीशी युनियन होती.

त्याच रात्री त्याच शहरात आणखी एक गोष्ट घडली. जो अ‍ॅन रॉबिन्सन या सरकारी कॉलेजात इंग्रजीच्या प्राध्यापिका. बसवर बहिष्कार घाला असं सांगणारी हजारो पत्रकं त्यांनी कॉलेजच्याच यंत्रावर रातोरात काढली. पत्रकावर नाव मात्र कोणाचंच नाही. आवाज सगळ्या शहरात पोचला, आवाजाचा मालक कोण ते कळलं नाही. हेही एक मौनच, पण कामाला लागलेलं.

सातशे सव्वीस पत्रं

तिसरं ठिकाण, साउथ कॅरोलिना राज्यातलं चार्ल्सटन. इथे आपल्याला सेप्टिमा क्लार्क भेटतात. जन्म 1898. त्यांनी 1916 मध्ये शिकवायला सुरुवात केली ती शहराबाहेरच्या जॉन्स बेटावर, कारण शहरातल्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय शिक्षक घेतच नसत. पगार जवळच्या गोऱ्या शिक्षिकेच्या निम्म्याहूनही कमी. त्यांनी घरोघर सह्या गोळा केल्या, समान वेतनाच्या लढ्यात भाग घेतला, आणि एनएएसीपी या नागरी हक्कांच्या संघटनेत जन्मभर काम केलं.

1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद घटनाविरोधी ठरवला. दक्षिणेतली राज्यं चवताळली. 1956 मध्ये साउथ कॅरोलिनाने कायदा केला की, सरकारी नोकराला एनएएसीपीचं सदस्य राहता येणार नाही. मौन आता कायद्याच्या पुस्तकात आलं. क्लार्कबाई संघटनेच्या स्थानिक शाखेच्या उपाध्यक्ष होत्या. त्यांनी सदस्यत्व लपवलं नाही. चाळीस वर्षांच्या सेवेनंतर त्यांचा करार संपवण्यात आला, पेन्शनही गेलं.

त्याच सुमारास त्यांनी कृष्णवर्णीय शिक्षकांना पत्रं पाठवली, या कायद्याविरुद्ध एकत्र उभे राहू म्हणून. पत्रं 726. उत्तरं आली 26. अधिकाऱ्याला प्रत्यक्ष भेटायची वेळ आली तेव्हा त्यांतलेही बहुतेक गळाले. नोकरी गेल्यावर शिक्षिकांच्या एका मंडळाने त्यांच्या मदतीसाठी समारंभ केला. आल्या सगळ्या, पैसे दिले, प्रेमाने बोलल्या. पण त्यांच्याबरोबर छायाचित्र काढून घ्यायला एकही तयार होईना. छायाचित्र छापून आलं तर आपली नोकरी जाईल! मित्रहो, वॉशिंग्टनच्या अर्जावरचं छायाचित्र आठवलं ना?

एखाद्याने या सातशे जणांना भ्याड ठरवून पुस्तक मिटलं असतं. क्लार्कबाईंनी काय केलं? त्यांनी ही आपली मोठी हार मानली, पण दोष शिक्षकांच्या गळ्यात घातला नाही. पुढे आठवणी सांगताना त्यांनी म्हटलं की, ज्यासाठी ते तयार नव्हते त्यात आपण त्यांना ढकलू पाहत होतो, आधी माणसं तयार करायला हवीत. आमच्या मते या विषयावर कोणी केलेला हा सर्वांत शहाणा विचार आहे. मौन तोडायचं तर मौन बाळगणाऱ्याला टोचून उपयोग नाही, त्याच्या पायाखाली जमीन घालावी लागते.

आणि त्यांनी ती घातली. टेनेसीतल्या हायलँडर लोकशाळेत त्यांना काम मिळालं. जानेवारी 1957 मध्ये जॉन्स बेटावर पहिली 'नागरिक-शाळा' सुरू झाली. पुढच्या बाजूला किराणा दुकान, मागच्या खोलीत वर्ग. प्रौढ माणसं लिहा-वाचायला शिकत, कारण मतदार म्हणून नोंद करायची तर वाचता यायला हवं असा राज्याचा नियम होता. पहिली शिक्षिका कोण होती माहीत आहे? बर्नीस रॉबिन्सन, केशरचना करणाऱ्या, पार्लर चालवणाऱ्या. पदवीधर शिक्षक सोडून पार्लरवाली का निवडली? तिची गिऱ्हाइकं सगळी तिच्याच समाजातली. तिला कामावरून काढणारा गोरा मालक अस्तित्वातच नव्हता. ह्यूमच्या जहाजाशेजारी कोणीतरी छोटी होडी आणून लावली होती. पुढच्या काही वर्षांत अशा शाळा दक्षिणेत जागोजाग निघाल्या आणि मतदार नोंदणीची चळवळ त्यांच्या जोरावर उभी राहिली. 1976 मध्ये राज्याने क्लार्कबाईंचं पेन्शनही मान्य केलं. वीस वर्षांनी.

मुंबई, 1920

आता मुंबईत का थांबायचं ते सांगतो. विल्सन यांनी व्हिलार्डना ते पत्र लिहिलं तो महिना जुलै 1913. त्याच महिन्यात बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोचले. विद्यापीठाच्या शेजारीच हार्लेम. ते 1916 पर्यंत तिथे होते. 1917 मध्ये बडोदे संस्थानात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा कचेरीतले शिपाईसुद्धा त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकत. राहायला जागा मिळेना. तीही नोकरी आणि तोही पिंजराच, फक्त लाकडाचा नव्हे.

पुढे ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. सरकारी नोकरी. 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' पाक्षिक निघालं, ते शाहू महाराजांच्या आर्थिक साहाय्याने. त्यावर संपादक म्हणून नाव होतं पांडुरंग नंदराम भटकर यांचं. सरकारी नोकरीत असल्यामुळे बाबासाहेबांना आपलं नाव घालता येत नव्हतं. ज्यांना वाचा नाही त्यांचं पत्र काढणाऱ्यालाच स्वतःची सही करता आली नाही, यापेक्षा नोकरीतल्या मौनाचं नेमकं वर्णन दुसरं कोणतं? काही आठवड्यांत त्यांनी नोकरी सोडली, पुन्हा इंग्लंडला गेले, बॅरिस्टर होऊन आले आणि 1923 पासून वकिली करू लागले. वकिलाला अशील असतो, वरिष्ठ नसतो. या निवडीत बाकी कारणं असतील, पण ट्रॉटर, रँडॉल्फ आणि पार्लर चालवणाऱ्या रॉबिन्सनबाई यांच्या शेजारी ती ठेवून बघा. 1946 मध्ये बाबासाहेबांनी डु बॉइस यांना पत्रही लिहिलं होतं, संयुक्त राष्ट्रांपुढे कृष्णवर्णीयांचा अर्ज ठेवला जात होता त्याची चौकशी करणारं. दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बघत होते.

मग आपण काय म्हणायचं?

आता सुरुवातीच्या दोन उत्तरांकडे वळू. मौन म्हणजे संमती, हे उत्तर टिकत नाही. संमतीसाठी नकाराची वाट उघडी लागते. कृष्णवर्णीय कारकुनाला ती वाट नव्हती. मौन म्हणजे भित्रेपणा, हेही टिकत नाही. बारा वर्षं कंपनीला कळू न देता वर्गणी भरणारा पोर्टर आमच्या मते भित्रा नव्हे. मौन हा पुष्कळदा पगाराचाच एक भाग असतो. कामाच्या तासांबरोबर तोंडही विकत घेतलेलं असतं, फक्त नेमणूकपत्रात तसं लिहिलेलं नसतं.

कायद्यालाही हे उशिरा का होईना उमगलं. 1958 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, अलाबामा राज्य एनएएसीपीकडून सदस्यांची यादी सक्तीने मागू शकत नाही. 1960 मध्ये आर्कान्सा राज्याचा, शिक्षकांनी आपण ज्या ज्या संस्थांत आहोत त्यांची यादी द्यावी असा कायदा रद्द केला. म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्यासाठी न्यायालयाने गप्प राहण्याचा हक्क राखला. हार्लेमच्या सभेत रँडॉल्फ यांनी जे केलं, तेच तीस-पस्तीस वर्षांनी कायद्याच्या भाषेत आलं. 1964 च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीतल्या भेदभावाला बंदी केली, आणि तक्रार करणाऱ्यावर सूड उगवायलाही. हा दुसरा भाग आम्हाला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. आजही तिथल्या समान रोजगार आयोगाकडे सर्वांत जास्त येतात त्या तक्रारी सूड उगवल्याच्या. माणसं बोलू लागली आहेत, आणि किंमत अजून मोजत आहेत.

एक शंका इथे कोणी घेईल, आणि ती रास्त आहे. ही अशी समजूत घातली तर प्रत्येक जण आपल्या मौनाला 'परिस्थिती' म्हणेल, मग अन्याय थांबायचा कसा? आमचं उत्तर असं की, जबाबदारी संपत नाही, ती जागा बदलते. पिंजऱ्यातल्या कारकुनाच्या शेजारी त्याचे गोरे सहकारी बसलेले होते. त्यांचा शेरा खराब होण्याची भीती किती होती? त्यांना फार तर एखादी नाराज नजर सोसावी लागली असती. मौनाचा हिशेब मागायचा तर आधी अशांकडे मागायला हवा, ज्यांना बोलणं स्वस्त होतं. आणि उलट चूकही होते. 2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांची हत्या झाल्यावर अनेक कंपन्यांत कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना बैठकीत उभं करून विचारलं जाऊ लागलं, तुम्हाला काय वाटतं ते सांगा. हेतू चांगला असेल. पण शेरा लिहिणारा समोर बसलेला असताना मन मोकळं करायला सांगणं, हेही जहाजावरच झालं. आधी होडी दाखवा, मग विचारा.

तेव्हा, मित्रहो, यापुढे कुठल्या इतिवृत्तात 'सर्वानुमते' असं वाचाल, तेव्हा जरा थांबा. त्या खोलीत कोण गप्प होतं ते बघा. त्याची भाकरी कोणाच्या हातात होती ते विचारा. आणि तुमची स्वतःची त्या हातात नसेल, तर पुढच्या बैठकीत पहिलं वाक्य तुम्ही बोला.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत. या शांततेला मात्र आम्ही संमती समजत नाही, प्रश्न जरूर विचारा.